बाई, खाली बसा ना!

दोन वर्षांपूर्वी मला आमच्या गावातल्या एका प्राथमिक शाळेत अर्धवेळ शिक्षिकेची जागा मिळाली. दुसरीचा वर्ग, सकाळची शाळा, साडेबाराला घरी. घरात सांगितलं तेव्हा ह्यांनी पगार विचारला आणि सासूबाईंनी विचारलं, "अगं, रोज नेसण्याजोग्या साड्या आहेत का तुझ्याकडे?"

मला सासूबाईंचाच प्रश्न अधिक व्यवहारी वाटला. लग्नाला अकरा वर्षं झालेली. घरात गाउन आणि सणावारी जरीच्या साड्या. मधलं असं कपाटात काही नव्हतंच. मग शनिवारी बाजारात जाऊन पाच सुती साड्या घेतल्या. बारीक काठाच्या, कडक खळीच्या. सोमवारी पदराच्या चार पट्ट्या घालून खांद्यावर पिन लावली, निऱ्यांना पिन लावली आणि आरशात पाहिलं. अगदी 'बाई' दिसत होते हो मी! आणि खरं सांगू का, त्या दिवसापासून पुढचे चार महिने मी बाई नुसती दिसतच होते.

खळीच्या साडीत एक खोड असते. ती माणसाला उभं ठेवते, फार तर खुर्चीत बसवते. वाकू देत नाही, खाली तर नाहीच नाही. त्यामुळे मी फळ्यापाशी, आणि चौतीस मुलं समोर सतरंजीवर. मी आकडे लिहायचे, मुलं एका सुरात म्हणायची. एक ते शंभर घडाघडा! मोठ्या बाई व्हरांड्यातून जाताना मान डोलवायच्या. मला वाटायचं, जमतंय की आपल्याला.

वर्गात कडेला बसणारी एक मुलगी होती. नाव नाही सांगत. 'पंचवीस' म्हटलं की ती ५२ लिहायची. 'त्रेचाळीस' म्हटलं की ३४. मी लाल पेनानं फुली मारायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ५२, पुन्हा फुली. सहामाहीला तिच्या प्रगतिपुस्तकात मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'गणितात कच्ची. घरी सराव करून घ्यावा.' लिहिलं आणि विसरले.

दिवाळीच्या सुट्टीत एका साडीला फॉल-बीडिंग करायला दिलं होतं. शेजारणीनं पत्ता दिला होता, देऊनही तीच आली होती. आणायला मात्र मी गेले. दार उघडलं ते ह्याच मुलीनं! तिची आई मशीनवर पिको करत होती. मला पाहून उठली. "या बाई, बसा ना. अगं, पाणी आण बाईंना." सणाचे दिवस, खोलीभर साड्याच साड्या. आईनं बसल्या बसल्या विचारलं, "द्यायच्या किती झाल्या गं?" मुलगी साड्यांच्या ढिगांमध्ये मांडी घालून बसली होती. तिनं वर न बघताच सांगितलं, "दहाचे दोन ढीग आणि वर पाच. पंचवीस." आणि वहीत टिपून ठेवलं, ५२.

आईनं तिच्या हातातून पेन्सिल घेऊन ते खोडलं. "रोज सांगते उलटं लिहू नकोस." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बाई, ती कच्ची आहे असं तुम्ही लिहिलंत. तिचे वडील म्हणाले, मुलीच्या जातीला गणित नाही आलं तर काय अडतं, तिला आत्तापासून मशीन शिकव. पण बाई, माझा सगळा हिशेब तीच सांगते हो मला."

समोर आलेला चहा मला गिळवेना. दहाचे दोन ढीग आणि वर पाच! ह्याहून पंचवीस म्हणजे आणखी काय असतं? पोरीला संख्या कळत होती. ती चुकत होती ती फक्त लिहिताना, आणि तीसुद्धा कानांनी ऐकलं तसंच लिहीत होती. तुम्हीच म्हणून पाहा, 'पंच-वीस'. आधी पाच ऐकू येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी २, मग ५. इंग्रजीत 'ट्वेंटी फाइव्ह' म्हणताना वीस आधी येतात. सोलापूरकडच्या, बेळगावकडच्या मैत्रिणींना ठाऊक असेल, कन्नडमध्येही वीस आधीच. आपल्या मराठीत गाडी उलटी.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'तीस दोन' असं संख्यावाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला. भाषा बुडाली इथपर्यंत मजल गेली. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की लहान मुलांना ही जोडाक्षरं आणि हा उलटा क्रम जड जातो. त्या वेळी मी शाळेत नव्हते. चहाच्या टेबलावर मीही 'आता पंचवीस वर्षांच्या संसाराला वीस-पाच वर्षं म्हणायचं का' असं म्हणून हसले होते. २०२३ मध्ये नारळीकरबाई गेल्या. त्या दिवाळीत साडीची पिशवी घेऊन घरी येताना मला माझं ते हसणं आठवलं आणि लाज वाटली.

माझं आजचं मत सांगते. 'पंचवीस' हा शब्द टाकायचा नाही. तो आपला आहे, मुलांना यायलाच हवा. पण उंच फळीवरचा डबा काढताना आपण पाट घेतो, तसा 'वीस-पाच'चा पाट घ्यावा. डबा हाताला आला की पाट बाजूला.

ठरवलं, सुट्टी संपली की मुलांच्या हातात वस्तू द्यायच्या. आइस्क्रीमच्या काड्यांची पाकिटं आणली, रबरबँड आणले. पहिल्या दिवशी मी उभीच होते, वाकून वाकून एकेकाला दाखवत होते. एक मुलगा माझा पदर ओढून म्हणाला, "बाई, खाली बसा ना! तुमचा हात दिसतच नाही." बसले. आणि काय सांगू! खळीची साडी चहूबाजूंनी फुगून उभी राहिली. निऱ्यांची पिन उघडून पोटाला टोचली. पदराच्या टोकावर एक मुलगी बसली होती, त्यामुळे मला मान वळवता येईना. "बाई डालग्याखालच्या कोंबडीसारख्या दिसतात," असं त्याच मुलानं सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं.

तेव्हा लहान मुलांना शिकवणाऱ्या मैत्रिणींनो, कपडे आरशासमोर उभं राहून ठरवू नका. घरी साडी नेसा, जमिनीवर मांडी घालून बसा, हात न टेकता उठा, हात वर करून भिंतीवर लिहिल्यासारखं करा. एवढं केल्यावर जी साडी जागच्या जागी राहील ती शाळेची.

माझ्या अनुभवाचं थोडं सांगते. सुती साडीच घ्या, पण दोन-तीन धुण्यांत खळ जाऊ द्या, पुन्हा घालू नका. अगदीच मरगळलेली वाटली तर पाणी शिंपडून इस्त्री पुरते. जॉर्जेट दिसायला छान, पण बसता-उठता निऱ्या सुळकन सुटतात आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटते. परकर घेराचा हवा, कळ्यांचा. सध्या मिळतात ते अंगासरशी बसणारे परकर लग्नात मिरवायला ठीक, मांडी घालायला नाही. साडी घोट्याच्या वर एक बोट नेसा, नाहीतर उठताना हमखास पायात येते. ब्लाउज शिवताना शिंपिणीला नेहमीपेक्षा एक इंच उंची जास्त सांगा. फळ्यावर लिहायला हात वर गेला की पाठीमागे काय दिसतं ते आपल्याला दिसत नाही, मुलांना दिसतं. पदर मोकळा न ठेवता एकदा खांद्यावर नीट पिन करा आणि टोक कमरेला खोचा. आपल्या आज्या काम करताना हेच करायच्या, त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पिन झाकणाची, चांगल्या धातूची घ्या. मूल कधी येऊन बिलगेल सांगता येत नाही, उघडलेली पिन त्याच्या डोळ्याच्या उंचीवर असते. लांब मंगळसूत्र वाकलं की लोंबतं आणि पहिलीचं मूल ते ओढतंच. शाळेत आखूड घाला. काचेच्या बांगड्या जमिनीवर हात टेकताना वाढवतात, म्हणून मी एकेक धातूची ठेवली. चपला वर्गाच्या दाराशी.

रंगाचं म्हणाल तर गडद निळ्या, काळ्या साडीवर खडूची बोटं ठळक उठतात, आणि अगदी पांढरट साडीला गुडघ्याशी मातीचा डाग पडतो. आकाशी, पिस्ता, फिका अबोली, मातकट हे रंग दोन्ही पोटात घालतात. खडू ओल्या हातानं पुसू नका, आधी कोरडा झटकायचा. डिंकाचा डाग कोमट पाण्यात भिजवला की निघतो. शाईचा मात्र त्याच दिवशी बघा, रविवारपर्यंत ठेवलात की तो कायमचा पाहुणा.

पंजाबी ड्रेस चालतो का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. आमच्या शाळेत साडीचाच दंडक होता. मोठ्या बाईंचं म्हणणं, साडीशिवाय वजन येत नाही. पण १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय वाचलात तर त्यात शिक्षिकांसाठी साडी किंवा सलवार अथवा चुडीदार, कुर्ता, दुपट्टा असं दोन्ही दिलेलं आहे. जीन्स, टी-शर्ट नको, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको, असंही त्यात आहे. तो कागद मी मोठ्या बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "बाईंनी खुर्ची सोडली की पोरं डोक्यावर बसतात, एवढं लक्षात ठेवा." पण आठवड्यातून दोन दिवस ड्रेसची परवानगी मिळाली. जमिनीवरच्या कामासाठी मी ते दोन दिवस वापरते. कुर्ता गुडघ्याखाली, बाजूला पुरेसे कट, सलवार सैल, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन केलेली. आणि शिंपिणीकडून कुर्त्याला खिसा लावून घ्या, बायांनो! खडू, रबरबँड, रुमाल, जप्त केलेली गोटी, सगळं त्यात मावतं. इतकी वर्षं आपण खिशाशिवाय कशा काढल्या कोण जाणे. सासूबाईंना काय वाटेल याची धास्ती होती. त्यांनी खिशात हात घालून पाहिला आणि "माझ्या झंपरला पण लावून आण," म्हणाल्या.

आता काड्यांकडे येऊ. कृती साधी आहे, पण घाई करू नका. दोन-दोन मुलांना मिळून चाळीस-पन्नास सुट्ट्या काड्या द्यायच्या. मोजा म्हणायचं. पहिल्यांदा सगळी जोड चुकते, कुणी बोललं की पुन्हा एकपासून. मग कुणीतरी सुचवतंच की दहा-दहा बाजूला ठेवू. ते मुलांच्या तोंडून येऊ द्या, आपण सांगायचं नाही. इथंच जीभ आवरायला लागते! दहा झाल्या की रबरबँड लावून गठ्ठा. गठ्ठे डावीकडच्या ताटलीत, सुट्ट्या उजवीकडच्या. दोन गठ्ठे, पाच सुट्ट्या. बोट गठ्ठ्यांवर ठेवून 'वीस', सुट्ट्यांवर ठेवून 'पाच', आणि मग दोन्ही तळव्यांखाली झाकून 'पंचवीस'. लिहायचं ते ताटलीतल्या क्रमानं, कानातल्या क्रमानं नव्हे.

ह्याच्या जोडीला जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते करा. लांब पत्त्यांवर १०, २०, ३० असे ९० पर्यंत, आणि अर्ध्या लांबीच्या पत्त्यांवर १ ते ९. वीसच्या पत्त्यावर, शून्य झाकेल असा पाचचा पत्ता ठेवला की २५ दिसतात आणि पाच उचलला की खाली वीस तसेच. २५ मधला २ म्हणजे 'दोन' नाही, वीस आहेत, हे मुलांना एका क्षणात दिसतं. मी चार महिने हे फळ्यावर 'दशक, एकक' असे रकाने आखून सांगत होते.

सगळ्यात मजा 'एकोण'ची. 'एकोणतीस' ऐकलं की मुलं ३९ लिहितात, कारण कानात 'तीस' वाजतं. तीन गठ्ठे द्या आणि सांगा, ह्यातली एक काढा. निघत नाही! गठ्ठा सोडावा लागतो. सोडला, एक काढली, उरले दोन गठ्ठे आणि नऊ सुट्ट्या. एक उणे तीस, म्हणून एकोणतीस. आपल्या पूर्वजांनी नावातच वजाबाकी घालून ठेवली आहे, आणि आपण ती नुसती पाठ करून घेतो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हे चालतं. नव्व्याण्णवला मात्र नियम मोडतो. 'असं का हो बाई?' असं विचारतील, तयार राहा.

गठ्ठा सोडायची ही युक्ती कळली की वजाबाकी अर्धी झालीच म्हणून समजा. ३२ मधून ७ काढायला सांगितलं की बरीच मुलं ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन घालवतात. आपण 'दशकाकडून उसना घ्या' म्हणतो. उसना म्हटलं की परत द्यावा लागतो, तो कधी परत देतो आपण? त्यापेक्षा 'सुट्टे करा' म्हणा. दहाची नोट सुट्टी करणं दुकानात जाणाऱ्या प्रत्येक पोराला कळतं. गठ्ठा सोडला, सुट्ट्या झाल्या बारा, सात दिल्या, पाच राहिल्या. दोन गठ्ठे आहेतच.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. डॉ. माँटेसोरी १९३९ मध्ये भारतात आल्या, त्याच्या आधीपासून ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका त्यांच्या पद्धतीवर काम करत होते. १९४५ पासून ताराबाई बोर्डीला आणि पुढे कोसबाडला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. तिथं महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पानं मुलांच्या हातात आली. मुलं शाळेत येईनात तर शाळा मुलांच्या अंगणात नेली, गुरं राखायला कुरणात जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. आता २०२१ पासून 'निपुण भारत' आलं आहे, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि साधं गणित यावं म्हणून. कागद पुष्कळ येतात. काड्या आपल्यालाच आणाव्या लागतात.

एक काळजी घ्या. चिंचोके, मणी, कवड्या ह्या वयात नाका-कानात जातात. माझ्या वर्गात एकदा चिंचोका नाकाच्या दारापर्यंत पोचला होता, थोडक्यात निभावलं. मोजून द्यायचं, मोजून परत घ्यायचं. तीही एक बेरीज-वजाबाकीच होते. पहिलीला चिंचोक्यांऐवजी बाटल्यांची मोठी झाकणं बरी. आणि पाढे बंद करू नका. हातानं कळलेलं तोंडानं पक्कं होतं. फक्त आधी हात, मग तोंड.

फेब्रुवारीत लांबी मोजण्याचा धडा आला तेव्हा मी घरून तीच साडी नेली, फॉल-बीडिंगची. वर्गात सतरंजीवर पसरली. म्हटलं, वितीनं मोजा. माझ्या सत्तावीस वीत आणि थोडी भरली. एका मुलानं बोटं ताणताणून सदतीस केल्या. ती कडेला बसणारी मुलगी पदरापासून सुरुवात करून गुडघ्यांवर सरकत सरकत टोकापर्यंत गेली, ओठातल्या ओठात मोजत. "एकोणचाळीस." सगळे भांडायला उठले, साडी एक आणि उत्तरं तीन कशी? बाईंचंच खरं, असं निम्म्या वर्गाचं मत. तिनं माझा हात धरला, आपला तळवा माझ्या तळव्यावर ठेवला आणि म्हणाली, "बाई, तुमची वीत मोठी आहे म्हणून कमी वेळा बसली." मग शिवणाची फीत काढली. ती मात्र कुणीही लावली तरी साडेपाच मीटरच सांगत होती. ती फीत त्यांना सांगायची गरज पडलीच नाही, ती त्यांना हवीच झाली होती.

मग साडीची घडी घातली. एकदा दुमडली, दोन थर. पुन्हा दुमडली, चार. "आता किती?" सगळे ओरडले, "सहा!" मोजले तर आठ. पुढच्या घडीला कुणी ओरडलं नाही, सगळे विचार करत बसले.

त्या गडबडीत तिनं फळ्यापाशी जाऊन स्वतःची वीत लिहून ठेवली. आधी पुटपुटली, "चाळीसला एक कमी, तीन गठ्ठे, नऊ सुट्ट्या," आणि मग लिहिलं, ३९. वार्षिकच्या प्रगतिपुस्तकात मी काय लिहिलं ते तिच्या आईनं वडिलांना वाचून दाखवलं म्हणे, दोनदा.

साडीवर चौतीस जोडी गुडघ्यांचे डाग होते. रात्रभर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवली, सकाळी हलक्या हातानं चोळली. बहुतेक गेले. काठाशी एक राहिला आहे. निऱ्यांत जातो.